मे महिन्यातली जोडून सुट्टी आणि पुणं: नागपूरच्या पाहुण्यांना फिरवल्यावरचा अभिप्राय

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. मे महिन्यातल्या जोडून सुट्टीत पुणं छान बघून होतं, मात्र सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत पाहुण्यांना उन्हात न्यायचं नाही ही अट पाळली तरच. बाकी कुठे जायचं आणि काय खायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. ही अट मोडली की पर्वती काय आणि शनिवारवाडा काय, सगळं सारखंच. डोळे मिचकावून काढलेले फोटो आणि "आता घरी कधी जायचं?"

मी कोथरूडला आनंदनगर मेट्रो स्थानकाजवळ राहते, शाळेत गणित शिकवते, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे असतातच. यंदा १ मे शुक्रवारी आला. माझी धाकटी बहीण मंजू, तिचे यजमान विलासराव, यंदा दहावीत गेलेली भाची ईशा आणि मंजूच्या सासूबाई नागपूरहून रात्रीच्या गाडीने आले. सासूबाईंना सगळे आजीच म्हणतात. पंचाहत्तरीच्या आहेत, गुडघे दोन्ही कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत. त्यामुळे हा अभिप्राय चालणाऱ्यांसाठी जेवढा, तेवढाच न चालणाऱ्यांसाठीही आहे.

मागे माझ्या नणंदेकडची मंडळी एका खासगी बसने 'एका दिवसात पुणं' करून आली होती. बसवाल्याचं नाव लिहीत नाही. नऊ ठिकाणं, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यातलं सगळ्यात उघडं ठिकाण बरोबर दुपारी दोन वाजता. रात्री वन्संना विचारलं, काय काय पाहिलं? त्या म्हणाल्या, "बसच्या खिडकीतून बरंच." तेव्हाच ठरवलं की आपल्याकडे येणाऱ्यांना आपणच फिरवायचं.

नागपूरच्या माणसांना पुण्याच्या उन्हाची भीती घालून उपयोग नसतो. विलासराव आल्या आल्या म्हणाले, "ताई, आमच्याकडे पंचेचाळीस होतं. तुमचं अडतीस म्हणजे आम्हाला हवापालट." पण खरी गंमत अशी की दुपारी घरात बसण्याची शिस्त पुणेकरांपेक्षा नागपूरकरांना जास्त आहे. पुण्यातली नवी पिढी भर दुपारी कॅफे शोधत हिंडते. विलासरावांनी बारा वाजता जेवण आटोपलं, पंख्याखाली चटई टाकली आणि चार वाजेपर्यंत हाकेला ओ दिली नाही. माझा बेत त्यांना पटवून सांगावाच लागला नाही.

पुण्याच्या उन्हाळ्याची एक बाजू बाहेरच्यांना ठाऊक नसते. दिवस तापतो, पण सूर्य कलला की वारा सुटतो आणि रात्री बऱ्याचदा पांघरूण लागतं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे, त्याची ही कृपा. म्हणून इथला दिवस दोन तुकड्यांत वापरायचा: पहाटेपासून साडेदहा-अकरापर्यंत एक, पाचनंतर दुसरा. मधल्या वेळात घर, नाहीतर जाड भिंतींची एखादी इमारत.

आता वाहनाबद्दल. फिरण्यासाठी गाडी काढू नका असं मी आग्रहाने सांगेन. पेठांत गाडी लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो त्यात केसरीवाडा बघून होईल. आम्ही सिंहगड सोडला तर सगळीकडे मेट्रो आणि रिक्षा एवढ्यावरच फिरलो. पुण्यात मेट्रो सुरू झाली ६ मार्च २०२२ ला, पण पाहुण्यांसाठी ती खऱ्या अर्थाने कामाची झाली सप्टेंबर २०२४ मध्ये, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा उघडला तेव्हा. कसबा पेठ, मंडई आणि स्वारगेट ही स्थानकं थेट जुन्या शहराच्या पोटात बाहेर काढतात. आमच्या आनंदनगरहून जिल्हा न्यायालयापर्यंत वरून जायचं, तिथे गाडी बदलायची आणि जमिनीखाली उतरायचं.

हे गाडी बदलणं हाच एक कार्यक्रम आहे. भुयारी फलाट जमिनीखाली तेहेतीस मीटरवर आहे, देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांपैकी एक. सरकत्या जिन्यामागून सरकता जिना. आजींनी पहिल्याच जिन्यापाशी पाय रोवला आणि मंजूचा हात घट्ट धरला. लिफ्ट आहे म्हटल्यावर चेहरा मोकळा झाला. लिफ्ट सगळीकडे आहे, चालू आहे आणि स्वच्छ आहे. फक्त पाटी शोधावी लागते आणि एक लिफ्ट थेट तळापर्यंत नेईल अशी आशा धरू नये, मध्ये बदलावी लागते. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर इथे दहा मिनिटं जास्तीची धरा. पुढचं भुयार मुठा नदीच्या खालून जातं. ईशाला हे सांगितलं तर ती खिडकीला नाक लावून बसली, दिसला अर्थात काळोखच.

वरची मार्गिका मात्र बघण्यासारखी आहे. गरवारे कॉलेज सोडलं की गाडी नदीच्या कडेने जाते. डेक्कन आणि संभाजी उद्यान या दोन स्थानकांची छतं मावळ्यांच्या पगडीच्या आकाराची आहेत, ती बाहेरून बघावीत. नदीबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नयेत. मेमध्ये पाणी तळाला गेलेलं असतं आणि जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो. विलासरावांनी विचारलं, "हीच का ती मुळा-मुठा?" मी म्हटलं, ही नुसती मुठा, मुळा पुढे भेटते. त्यापुढे कोणी काही बोललं नाही. तिकीट जेमतेम, लांबात लांबचा प्रवासही पस्तीस रुपयांत. नागपूरची मेट्रोही याच महामेट्रोची आणि ती २०१९ पासून धावतेय, त्यामुळे विलासराव सारखे तुलना करत होते. डबे तेच, म्हणाले, गर्दी तुमची जास्त. मेट्रोला माझ्याकडून दहापैकी साडेआठ. दीड गुण कापला तो स्थानकाबाहेरच्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरसाठी, कारण तिथे पदपथ कधी असतो, कधी नसतो, आणि असला तर त्यावर दुचाकी उभी असते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पर्वती. रात्रभराच्या प्रवासाने आंबलेल्या माणसांना संग्रहालयात नेऊ नये, टेकडीवर न्यावं. स्वारगेटला उतरून रिक्षाने पायथ्याशी गेलो. १०३ पायऱ्या, पण रुंद आणि उतरत्या, त्यामुळे आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं, आणि पानिपतानंतर खचलेले नानासाहेब १७६१ मध्ये इथेच गेले. हे वर उभं राहून सांगायला बरं वाटतं, कारण समोर सगळं शहर पसरलेलं असतं. विलासराव कठड्याशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "एवढं मोठं आहे होय! मला वाटलं तुमचं पुणं म्हणजे सदाशिव पेठ." आजींना मंजूने सारसबागेतच बसवलं होतं. तळ्यातल्या गणपतीचं दर्शन, हिरवळ, बाहेर भेळ. पायऱ्या न चढणाऱ्या माणसाला पर्वतीच्या पायथ्याशी ताटकळत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

परतताना सदाशिव पेठेत सुजाताकडे मस्तानी. मेमध्ये दुसरी कुठली मागवूच नका, आंबा मस्तानीच. उंच ग्लासात दाट आंब्याचं दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, त्यावर सुकामेवा. चमच्याने सुरुवात करायची आणि मग स्ट्रॉ. दोघांत एक घेतली असती तरी चाललं असतं. आजींनी मात्र अख्खी संपवली आणि "रात्री जेवणार नाही" असं जाहीर केलं. जेवल्याही.

शनिवार हा आमचा मुख्य दिवस. आठच्या सुमाराला कसबा पेठ स्थानकातून बाहेर पडलो, कसबा गणपतीला नमस्कार केला आणि शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहिलो.

शनिवारवाड्याबद्दल मी नेहमीच जरा हात राखून बोलते. पाहुण्यांच्या डोक्यात सिनेमातला महाल असतो आणि आत गेल्यावर दिसतात जोती आणि हिरवळ. १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये बाजीराव राहायला आले, आणि १८२८ च्या आगीत आतला लाकडी वाडा जळून गेला. उरलं ते दगडाचं: तट, बुरूज, दरवाजे. हे आधी सांगूनच आत न्यावं, म्हणजे हिरमोड होत नाही. मग बघण्यासारखं नीट दिसतं. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे लांब अणकुचीदार खिळे जवळ जाऊन बघा. हत्तीने धडक मारू नये म्हणून ते इतक्या उंचीवर आहेत. ईशाने हात वर करून पाहिला, खालच्या रांगेपर्यंतही पुरला नाही. नगारखान्यावर चढलं की खालचा चौक, त्यापलीकडची रहदारी, आणि हजारी कारंज्याचा कमळासारखा हौद. सावली मात्र नावाला नाही. साडेनऊनंतर तो दगड तापायला लागतो, तेव्हा आठला उघडतो त्या वेळेलाच या. आणखी एक: नारायणरावांच्या खुनाची गोष्ट सांगायला लोक टपलेलेच असतात, 'काका मला वाचवा' वगैरे. ३० ऑगस्ट १७७३ ला खून झाला हे खरं. पौर्णिमेच्या किंकाळ्यांवर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा, मुलांना मात्र बाजीरावाच्या स्वाऱ्यांबद्दलही कोणीतरी सांगा.

लाल महाल बाहेरूनच पाहिला. ज्या वाड्यात शिवाजी महाराजांनी १६६३ मध्ये शाहिस्तेखानाची बोटं छाटली तो केव्हाच गेला. आजची वास्तू महापालिकेने बांधलेली, १९८८ ची. जागा खरी, भिंती नव्या.

न्याहारीला बेडेकरांकडे, नारायण पेठेत. रांग होती आणि ती असणारच. सावजीच्या रश्श्यावर वाढलेल्या माणसाला पुण्याची मिसळ देणं हा थोडा धोका असतो. विलासरावांनी पहिला घास घेतला, पाव म्हणून स्लाइस आलेला पाहिला, आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, "चांगलं आहे. गोडाचं आहे का?" आजींना मात्र ती चव एकदम पसंत पडली. माझं मत: तिखटाचा पराक्रम करायचा असेल तर पुण्यात दुसरीकडे जा, पोहे, बटाटा, शेव आणि त्यावरचा तो आंबट-गोड-तिखट रस्सा यांचं जुन्या पद्धतीचं जमलेलं ताट हवं असेल तर इथे या. आणि सकाळीच या.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते ठिकाण: राजा दिनकर केळकर संग्रहालय. बाजीराव रस्त्यावर नातूबागेत, मंडई स्थानकापासून चालत दहा-बारा मिनिटं. साडेदहाला आत शिरलो ते दीड वाजता बाहेर आलो, म्हणजे उन्हाचा अर्धा डाव तिथेच उधळून लावला. वातानुकूलन वगैरे नाही, पंखे आहेत, पण भिंती आणि मधले चौक असे की जीव घाबरत नाही.

हे एका माणसाचं वेड आहे. दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला. गावोगाव हिंडून, जुने वाडे मोडले जात असताना लोक जे मोडीत काढत होते ते विकत घेऊन जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू. १९७५ मध्ये हे सगळं त्यांनी सरकारला देऊन टाकलं. एका वेळी मांडलेला असतो तो यातला छोटासाच भाग, आणि तोही एका दिवसात डोक्यात मावत नाही.

राजे-रजवाड्यांची संग्रहालयं तलवारींनी भरलेली असतात. इथेही शस्त्रं आहेत, पण खरं नवल घरातल्या वस्तूंचं. अडकित्ते बघा. सुपारी कातरायची एवढीशी गोष्ट, पण कुठे दोन पात्यांचा मिळून पोपट झालाय, कुठे घोडा, कुठे एकमेकांकडे तोंड केलेलं जोडपं. अडकित्ता मिटला की ते जोडपं जवळ येतं. ईशाने ते काचेबाहेरून बराच वेळ पाहिलं आणि मग माझ्याकडे न बघता पुढे गेली, त्या वयात तसंच असतं. त्याच्याजवळ वज्रऱ्या. आजच्या मुलींना वज्री ठाऊक नाही. अंघोळीत टाचा घासायची पितळी खरबरीत ठोकळी, वरची मूठ म्हणजे एखादा पक्षी नाहीतर प्राणी, काहींच्या पोटात खडे घातलेले, घासताना छुम छुम वाजावं म्हणून. टाच घासण्याच्या कामालाही कोणीतरी नाद जोडून ठेवला. आजी तिथे थांबल्या त्या थांबल्याच. "आमच्या न्हाणीत होती. मोर होता तिच्यावर. वाटण्या झाल्या तेव्हा मोडीत घातली दिरानं," असं म्हणाल्या, आणि मग पुढच्या प्रत्येक कपाटापाशी त्याच आमच्या मार्गदर्शक झाल्या. हा दिवा कुठे टांगायचे, हे भांडं कशाचं, तोंड असं का निमुळतं. ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी त्यांना घरी ठेवून इथे येऊ नये.

मस्तानी महाल हा त्यातला दिमाखाचा भाग. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून इथे दालन उभारलंय. लोक तिथेच सगळ्यात जास्त फोटो काढतात. मला स्वतःला वाद्यांचं दालन अधिक आवडतं.

उणिवा सांगते. जिने आहेत आणि बरेच आहेत. आजी एकेका मजल्याला बसत बसत चढल्या. काही ठिकाणी उजेड कमी आणि पाट्यांवर मजकूर त्रोटक. वस्तू कुठल्या गावची, कोणाकडची, हे आणखी लिहिलेलं हवं होतं, कारण त्या माणसाची सगळी पायपीट तिथेच तर आहे. तरीही पुण्यात एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर शनिवारवाड्याऐवजी मी इथे पाठवीन. दहापैकी नऊ.

दुपारचं जेवण बाहेर करण्याची चूक नका करू, असं माझं मत आहे. बरेच जण जुन्या शहरात थाळीसाठी थांबतात. सुट्टीच्या दिवशी एका नावाजलेल्या ठिकाणी (नाव घेत नाही) मी पूर्वी सव्वा तास उभी राहिलेय, आणि आत गेल्यावर आमरसाची दुसरी वाटी वेगळ्या पैशांनी. मेट्रोने घरी आलो, आमरस-पुरी झाली, आणि सगळे आडवे. पुण्याला दुपारी एक ते चार झोपण्यावरून लोक हसतात. हसू द्या.

सहा वाजता परत मंडई. महात्मा फुले मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत इंग्रजी अमदानीतली, १८८६ ची, तेव्हा तिला रे मार्केट म्हणायचे. आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा तिला फुल्यांचं नाव मिळालं. मेमध्ये मंडईत शिरलं की आधी वास येतो: हापूस, पायरी, फणस, आणि कुठेतरी कोपऱ्यात करवंदं. तिथून तुळशीबाग. तुळशीबागेबद्दल माझं परीक्षण कोण वाचणार! ईशाने कानातले घेतले, मंजूने कानातले घेतले, मग दोघींनी एकमेकींचे कानातले पाहून आणखी घेतले. मी एवढंच सांगते की गल्लीच्या मधोमध राममंदिर आहे, पेशवाईतलं, उंच शिखराचं, आणि निम्मे लोक त्याच्या दारावरून पिशव्या घेऊन पुढे जातात. आत या. आजी अर्धा तास तिथल्या सभामंडपात निवांत बसल्या होत्या. पितळेची भातुकली अजून मिळते, भाव करावा लागतो. विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग जाताजाता पाहिला. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, १८०७ चा, सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब. दगडूशेठला रांग पाहून बाहेरूनच हात जोडले. समोरच भिडे वाड्याची जागा आहे, जिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. जुना वाडा आता नाही, तिथे स्मारक व्हायचंय.

रविवारी आम्ही दोन तुकड्या केल्या, आणि जोडून सुट्टीत ज्यांच्याकडे लहान-थोर मिळून पाहुणे असतील त्यांना हाच सल्ला. आमचे हे, विलासराव आणि ईशा पहाटे पाचला गाडी काढून सिंहगडावर. गडाला शहरापासून तीसेक किलोमीटर धरा. रविवारी सात नंतर निघणाऱ्याला घाटात दुचाकी-चारचाकींच्या रांगेतच सिंहगड बघावा लागतो. हे लोक वेळेत पोचले, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी गेले, ४ फेब्रुवारी १६७० ची लढाई ईशाने आपल्या वडिलांना समजावून सांगितली, कल्याण दरवाज्यापर्यंत जाऊन आले आणि देवटाक्याचं गार पाणी पाहिलं. मग पिठलं, भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. मिसळीच्या वेळी अबोल झालेले विलासराव घरी येऊन पिठल्याचं वर्णन दहा मिनिटं करत होते. "ठेचा आमच्या तोडीचा," ही त्यांच्याकडून मोठीच पावती. दहाच्या आत उतरायला लागा, एवढंच.

आम्ही तिघी आगाखान पॅलेसला. कल्याणीनगर स्थानकावर उतरून रिक्षा. १८९२ मध्ये सुलतान महंमद शाह आगाखान यांनी हा राजवाडा बांधला, दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून, असं सांगतात. झाडं जुनी आणि गर्द, व्हरांडे रुंद, चढ-उतार जवळजवळ नाही. गुडघ्यांसाठी पुण्यातलं सर्वांत दयाळू पर्यटनस्थळ. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना, कस्तुरबांना, महादेवभाईंना पकडलं आणि गांधीजी इथे मे १९४४ पर्यंत स्थानबद्ध होते. महादेवभाई आठवड्याभरातच गेले, १५ ऑगस्टला. वय अवघं पन्नास. हा वाडा आणि ते एकाच सालचे. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या, त्या दिवशी महाशिवरात्र होती. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. आजींनी कस्तुरबांच्या समाधीवर घरून आणलेली दोन मोगऱ्याची फुलं ठेवली. आतल्या खोल्यांमधलं प्रदर्शन जरा कोमेजलेलं आहे, चित्रं जुनी, मजकूर शाळेच्या पुस्तकातला. देखभाल आणखी हवी. पण नऊ वाजता गेलात तर गर्दी नसते, आणि या जागेला गर्दी नसणंच शोभतं.

तिथून परत मेट्रोने मंडई आणि रिक्षाने फुले वाडा, महात्मा फुले पेठेत, म्हणजे जुन्या गंज पेठेत. पर्यटनाच्या याद्यांत हा सहसा शेवटी असतो किंवा नसतोच, आणि माझी त्यावर कायम कुरकुर असते. छोटासा टुमदार वाडा, अंगण, आणि तो हौद, जो जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला करून दिला. पंधरा-वीस मिनिटांत बघून होतो, पण शनिवारवाडा दाखवून हा न दाखवणारा माणूस पाहुण्यांना अर्धंच पुणं दाखवतो. मंजू शिक्षिका आहे, तिने हौदाचा फोटो काढला नाही, नुसती कडेला उभी राहिली. "यावर एक आख्खा तास शिकवता येईल," एवढंच म्हणाली.

ऊन उतरायच्या आधी वेळ काढायचा तर पाताळेश्वर. जंगली महाराज रस्त्यावर, आठव्या शतकातलं, एकाच खडकात वरून खाली खोदत नेलेलं. समोरचा नंदीचा गोल मंडप मला लेण्यापेक्षाही आवडतो. रस्त्यापासून थोडं खाली उतरलं की बाहेरचे हॉर्न जवळजवळ ऐकू येत नाहीत आणि दगड दुपारी चारलाही गार असतो. चहा डेक्कनला गुडलककडे, बनमस्का घेऊन. सिंहगडवाले तिथेच येऊन मिळाले.

जे जमलं नाही त्यात कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय. लहान मुलं असतील तर पर्वती सोडा पण हे करा. खेळ ठरावीक वेळी होतात, आधी फोन करून विचारावं. कात्रजचं प्राणिसंग्रहालय मेमध्ये कोणालाच सुचवणार नाही, प्राणीसुद्धा सावलीत तोंड फिरवून बसलेले असतात.

रात्रीच्या गाडीला सामानासकट मेट्रोनेच गेलो. आनंदनगरहून पुणे रेल्वे स्थानक त्याच मार्गिकेवर आहे, गाडी बदलावी लागत नाही. बॅगा तपासणीच्या यंत्रातून जातात, त्यासाठी पाच मिनिटं धरा, आणि मोठी बॅग असेल तर लिफ्टच घ्या. भेटवस्तूंचं म्हणाल तर कयानीची श्रूजबेरी बिस्किटं शनिवारीच आणून ठेवा, रविवारी बेकरी बंद असते आणि एरवीही दुपारी असते. चितळ्यांची बाकरवडी मात्र जाताजाता घेता येते. विलासरावांनी दोन किलो घेतली, आणि त्यातला पाव किलोचा पुडा गाडी सुटायच्या आधीच फोडला.